अमूर्त छायाचित्रात भावना येते कुठून?

धागाकर्ती: कवडसा

अमूर्त छायाचित्रणाविषयी, म्हणजे मूळ वस्तूपेक्षा आकार, छटा आणि पोत यांनाच पुढे आणणाऱ्या छायाचित्रणाविषयी, बोलणे निघाले की ‘यात कलाकाराने आपल्या भावना व्यक्त केल्या आहेत’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते चुकीचे नाही, पण इतक्या सहजपणे वापरले जाते की खरा प्रश्न त्याच्याआड दडून राहतो. चित्रकारासमोर कोरा कॅनव्हास असतो आणि त्याला हवा तो रंग, हवी ती रेषा तो त्यावर आणू शकतो. छायाचित्रकाराला ती मुभा नाही. त्याच्या भिंगासमोर काहीतरी असावेच लागते, आणि त्या वस्तूवरून आलेला प्रकाशच फिल्मवर किंवा सेन्सरवर उमटतो. मग जी भावना पूर्णपणे आपल्या आत आहे, जिला आकार नाही की रंग नाही, ती भिंतीच्या पोपड्यांच्या किंवा ढगांच्या फोटोत येते कुठून? माझे मत असे आहे की आपण ती फोटोत ओतत नाही. बाहेरच्या एखाद्या गोष्टीत आपण ती ओळखतो, आणि ती ओळख पाहणाऱ्यापर्यंत पोहोचावी म्हणून चौकट, उजेड आणि छटा यांची काटेकोर निवड करतो. हेच मत इथे सविस्तर मांडते आणि त्यावर सदस्यांनी मोकळेपणाने लिहावे अशी विनंती करते.

अमूर्ताचे सुरुवातीचे प्रयोग भावनेपेक्षा आकाराच्या ओढीने झाले, असे मला वाटते. पॉल स्ट्रँड यांनी 1916 मध्ये व्हरांड्यातल्या कठड्याच्या सावल्या आणि वाडग्यांचे कडेकाठ इतक्या जवळून टिपले की मूळ वस्तू मागे पडून केवळ वक्ररेषा उरल्या. आल्विन लँग्डन कोबर्न यांनी त्याच सुमारास तीन आरसे त्रिकोणात बसवून स्फटिकासारख्या तुटलेल्या प्रतिमा घेतल्या. दोघांचेही काम महत्त्वाचे आहे, पण ते पाहताना कोणाच्या मनाशी आपली गाठ पडल्यासारखे वाटत नाही.

ती गाठ पडते आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांच्या ढगांपाशी. स्टिगलिट्झ यांच्या व्यक्तिचित्रांची ताकद समोर बसलेल्या माणसावर त्यांची जी मोहिनी पडते तिच्यात आहे, अशा अर्थाचे एका समीक्षकाने लिहिले होते. त्याला उत्तर म्हणून त्यांनी 1922 मध्ये असा विषय निवडला ज्याच्यावर कोणाचीही मोहिनी चालत नाही आणि जो प्रत्येकाच्या डोक्यावर फुकट उपलब्ध आहे. त्यांची आई त्या काळात मृत्युपंथाला लागली होती आणि घराण्याची मालमत्ता विस्कटत चालली होती. पुढच्या वर्षी ढगांच्या फोटोंविषयी लिहिलेल्या लेखात त्यांनी स्वतःच हे नमूद केले आहे. दहा फोटोंच्या पहिल्या संचाला त्यांनी संगीताचे नाव दिले आणि 1925 पासून पुढच्या ढगांना ‘इक्विव्हॅलंट्स’ म्हणायला सुरुवात केली. आपल्या आतल्या अनुभवाच्या तोडीची अशी ही चित्रे आहेत, हा त्यांचा दावा होता. ते 1930 च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत या मालिकेवर काम करत राहिले आणि तिच्यात 200 हून अधिक फोटो जमले. सुरुवातीच्या फोटोंत टेकडीची कड, झाडाचा शेंडा दिसतो. पुढे जमीन पूर्णपणे नाहीशी होते आणि वर-खाली अशी दिशाच उरत नाही. यांतले बहुतेक प्रिंट साधारण 4 बाय 5 इंचांचे आहेत. एवढे मोठे आकाश तळहाताएवढ्या कागदावर आणल्यामुळे पाहणाऱ्याला वाकून, अगदी जवळ जाऊन ते पाहावे लागते, आणि ही जवळीकही त्या चित्रांच्या परिणामाचा भाग आहे असे मी मानते.

इथे तंत्राची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुन्या काळातले रसायन निळ्या प्रकाशाला नको तितके संवेदनशील असे, त्यामुळे आकाश पांढरेफटक उमटे आणि ढग त्यात विरून जात. सगळ्या रंगांना प्रतिसाद देणारी पॅन्क्रोमॅटिक फिल्म हाताशी आल्यावर आकाश गडद करणे शक्य झाले. स्टिगलिट्झ यांचे काही ढग जवळजवळ काळ्या पार्श्वभूमीवर आहेत आणि सूर्य त्यात एखाद्या फिकट ठिपक्याएवढा उरतो. त्या काळोखात जे दाटून येणे आहे, ते आकाशात आयते पडलेले नव्हते; ते एक्स्पोजर (फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा) आणि प्रिंटिंग यांच्या निर्णयांतून आले.

दुसरे उदाहरण एरन सिस्किंड यांचे. 1930 च्या दशकात ते सामाजिक विषयांवर माहितीपर छायाचित्रण करत होते, आणि 1940 च्या दशकात ते सोलपटलेला रंग, फाटलेली पोस्टर्स, डांबराचे ओघळ आणि किनाऱ्यावर पडलेले समुद्री शेवाळ यांच्याकडे वळले. या फोटोंत काहीही धूसर नाही. कॅमेरा पृष्ठभागाच्या अगदी समोर धरलेला आहे, खोलीचा (डेप्थचा) भास काढून टाकला आहे आणि प्रत्येक भेग नखाने चाचपता येईल इतकी स्पष्ट आहे. अमूर्त म्हणजे अस्पष्ट, हा जो समज नव्याने कॅमेरा हाती घेणाऱ्यांत आढळतो, त्याला सिस्किंड यांचे काम हेच पुरेसे उत्तर आहे.

आता माझ्या अनुभवाकडे येते. घरात दीर्घ आजारपण चालू असताना मी खिडकीच्या पांढऱ्या पडद्याचे फोटो काढत असे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर जे असेल ते मध्यम करडे करू पाहतो, त्यामुळे त्याने सुचवलेल्या एक्स्पोजरला पडदा मळकट, जड आणि थोडा ओलसर दिसत होता. एक्स्पोजर दीड स्टॉप वाढवल्यावर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) तोच पडदा हलका आणि प्रसन्न झाला, सुट्टीच्या दिवशी सकाळी दिसावा तसा. उलट एक स्टॉप कमी केल्यावर घड्यांच्या सावल्या काळ्या पडल्या आणि चित्र एखाद्या नाटकातल्या शोकप्रसंगासारखे दिसू लागले. माझ्या मनात शोक नव्हता. न संपणारी वाट पाहणे होते, आणि ते केवळ त्या मधल्या करड्या छटेत होते. मग वरच्या कड्या आणि खालची किनार चौकटीबाहेर काढली, त्यामुळे तो पडदा आहे हे कळेनासे झाले. शिवणीची एक उभी ओळ मात्र ठेवली, कारण ती काढली की घड्यांचे वजन खाली ओढल्यासारखे वाटेनासे होत होते. व्यक्त करणे म्हणतात ते माझ्या मते या अशा निर्णयांत असते.

म्हणूनच तयार युक्त्यांविषयी मी थोडी साशंक आहे. शटर पाव ते एक सेकंद उघडे ठेवून कॅमेरा झाडांच्या रांगेसमोर वर-खाली सरकवला की शांत, रेशमी पट्टे मिळतात. तो झटक्याने फिरवला की खळबळ मिळते. पण ही शांतता आणि ही खळबळ त्या तंत्राची असते, ती कोणालाही सारख्याच मापाने मिळते. तंत्र वापरू नये असे मी म्हणत नाही. अर्न्स्ट हास यांनी 1950 च्या दशकात संथ शटरने बैलझुंजीचे जे रंगीत फोटो काढले, त्यांत ते तंत्र विषयाच्या वेगाशी आणि भीतीशी इतके एकजीव झाले आहे की वेगळे काढता येत नाही. निकष तोच असावा.

शेवटचा मुद्दा पाहणाऱ्याचा. स्टिगलिट्झ यांचा वारसा पुढे नेणाऱ्या मायनर व्हाइट यांनी 1963 च्या एका लेखात या अनुभवाचे तीन स्तर सांगितले: पहिला प्रत्यक्ष दिसणाऱ्या चित्राचा, दुसरा ते पाहताना मनात जे घडते त्याचा, आणि तिसरा चित्र नजरेआड झाल्यावर आठवणीत जे उरते त्याचा. यातला तिसरा स्तर मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अमूर्त छायाचित्रात आठवायला वस्तू नसते. आठवते ते चित्राचे वजन आणि त्याची चाल. तर मग ही भावना पाहणाऱ्यापर्यंत पोहोचली हे आपण ओळखायचे कसे, आणि शीर्षकाने तिला मदत करावी की नाही, यावर आपली मते वाचायला आवडतील.

प्रतिसाद: अंधारखोली

कवडसाताई, लेख मनापासून आवडला, विशेषतः पडद्याच्या तीन छटांचे वर्णन. फक्त एक पुस्ती जोडतो. ‘बाहेर ओळखणे’ हे शटर दाबताना होते असे आपल्या लेखातून सूचित होते, पण डार्करूममध्ये काम केलेल्या माणसाचा अनुभव बऱ्याचदा वेगळा असतो. निगेटिव्हवर काय आहे हे प्रिंट करताना कळते. कागदाच्या ग्रेडचा नंबर जितका मोठा तितका काळ्या-पांढऱ्यातला फरक तीव्र. एकच निगेटिव्ह दोन नंबरच्या ग्रेडच्या कागदावर छापले तर भिंतीवरची ओल मऊ आणि समजूतदार दिसते, चार नंबरच्या कागदावर तीच ओल ओरखड्यासारखी अंगावर येते. मग एखादा कोपरा हाताच्या सावलीने थोडा झाकायचा, दुसऱ्याला चार सेकंद जास्त उजेड द्यायचा, आणि ट्रेमध्ये कागद हलवत उभे राहायचे. त्या लाल उजेडात कधीकधी आपल्याला काय वाटत होते ते पहिल्यांदा समोर येते. तेव्हा भावना आधी आणि चित्र नंतर, हा क्रम नेहमीच तसा नसतो.

पाहणाऱ्याविषयी आपण लिहिले आहे म्हणून भारतीय चित्रकार नसरीन मोहमदी यांची आठवण करून देतो. रेषांच्या अत्यंत संयत चित्रांसाठी त्या ओळखल्या जातात, पण फरसबंदी, पाण्याच्या कडा, सावल्या आणि यंत्रमागाचे ताणलेले धागे यांचे कृष्णधवल फोटोही त्या वर्षानुवर्षे काढत होत्या. 1990 मध्ये त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांनी ते फोटो प्रदर्शित केले नाहीत. आज ते पाहताना त्यांतली शिस्त आणि एकटेपणा दोन्ही जाणवतात. पोहोचवण्याचा हेतू नसतानाही चित्रात एवढे काही साठून राहते, तर ‘पोहोचली का’ हा निकष आपण जरा मागच्या बाकावर बसवायला हरकत नसावी.

प्रतिसाद: क्षितिजरेषा

मी थोडी विरोधी बाजू मांडते. धागाकर्तीने पडद्याच्या फोटोत ‘न संपणारी वाट पाहणे’ आहे असे लिहिले, आणि लेख वाचल्यावर मलाही ते पटले. पण लेख न वाचता तो फोटो माझ्यासमोर आला असता तर मी त्याला विश्रांती, पावसाळी दुपार किंवा कंटाळा यांपैकी काहीही म्हटले असते. हिरोशी सुगिमोतो 1980 पासून समुद्राचे जे कृष्णधवल फोटो काढत आले आहेत, त्यांचेच पाहा. चौकटीच्या बरोबर मधोमध क्षितिज, वर हवा, खाली पाणी, बाकी काही नाही. माझ्या एका मैत्रिणीला ते पाहून ध्यानाला बसल्यासारखे वाटते आणि मला त्यांची भीती वाटते. दोघींचा अनुभव खरा आहे, आणि सुगिमोतो यांना फोटो काढताना काय वाटत होते याच्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही. मग याला ‘व्यक्त करणे’ का म्हणायचे? छायाचित्रकाराने एक रिकामी जागा नीट बांधून दिली आणि आपण आपापले मन घेऊन तिच्यात शिरलो, एवढेच म्हणणे अधिक प्रामाणिक नाही का? स्टिगलिट्झ यांच्या ढगांतही आईचे आजारपण आपल्याला दिसते ते त्यांचा लेख ठाऊक आहे म्हणून.

प्रतिसाद: कवडसा

क्षितिजरेषा, आपला आक्षेप या विषयातला सर्वांत कठीण आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. अमूर्त छायाचित्र भावनेचे नाव सांगू शकत नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. शोक, विरह, कंटाळा ही नावे प्रसंगावरून ठरतात, आणि प्रसंगच आपण चौकटीबाहेर काढलेला असतो. पण नावाखेरीज भावनेला ठेवण असते. ती जड असते की हलकी, दाटून येणारी की पसरत जाणारी, थांबलेली की सरकणारी, हे चित्रात येऊ शकते. आपण पडद्याच्या फोटोला जी पर्यायी नावे सुचवलीत तीच पाहा. विश्रांती, पावसाळी दुपार, कंटाळा. तिन्हींत गती नाही, तिन्हींत उजेड कोंडलेला आहे, तिन्हींत वेळ लांबलेला आहे. उत्साह किंवा संताप आपल्याला सुचला नाही. तुम्हा दोघी मैत्रिणींच्या अनुभवांतही समुद्राची अफाटता आणि निश्चलता सामाईक आहे. एकीला तिच्यात विसावता येते आणि दुसरीला येत नाही, इतकाच फरक आहे.

म्हणून मी फोटो दाखवताना ‘यात कोणती भावना दिसते’ असे विचारत नाही. हा प्रश्न विचारला की लोक कोडे सोडवायला लागतात. त्याऐवजी हे चित्र आपल्याकडे येते आहे की लांब जाते आहे, यात श्वास मोकळा होतो की अडकतो, एवढेच विचारते. उत्तरे बऱ्यापैकी जुळली तर मी समजते की चित्र उभे राहिले आहे. ती पूर्णपणे विखुरली, तर मात्र आपण म्हणता तशी ती केवळ एक रिकामी जागा आहे.

अंधारखोली, प्रिंटच्या वेळी उमगण्याविषयी आपण लिहिले ते मोलाचे आहे. संगणकाच्या पडद्यावर काम करतानाही तसे घडते, पण सगळे बदल क्षणात मागे घेता येत असल्यामुळे तिथे थांबणे अधिक अवघड जाते.

प्रतिसाद: निळीशाई

या चर्चेत एक गोष्ट आली नाही ती लिहितो, कारण मी अमूर्ताकडे वळलो ते तिच्यामुळेच. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर कितीतरी दिवस मला ओळखू येईल असे काहीही टिपवत नव्हते. त्या व्यक्तीची खुर्ची, चष्मा, खोली यांचे फोटो काढणे मला त्या दुःखाचे प्रदर्शन मांडल्यासारखे वाटे, आणि तसे फोटो पाहून इतरांनी सांत्वन करायला यावे हेही नको होते. घरातल्या एका आरशावर धूळ बसली होती. तिचे फोटो मी काढू लागलो.

आरशाची एक गंमतीची गोष्ट अशी की काचेपासून अर्ध्या मीटरवर उभे राहिले तर धूळ अर्ध्या मीटरवर असते, पण आपले प्रतिबिंब भिंगाच्या हिशेबाने एक मीटरवर असते. त्यामुळे ॲपर्चर (भिंगातले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडे ठेवून, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद करून, धुळीवर फोकस केला की प्रत्येक कण टोचून काढावा तसा स्पष्ट येतो आणि आपण स्वतः मागे एक तपकिरी डाग होऊन जातो. धुळीत एक ठिकाणी बोटाने ओढलेली जुनी रेघ होती. ती कोणाच्या बोटाची हे मला ठाऊक होते आणि फोटो पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मला अमूर्ताने दिले ते हे. जे वाटते ते पूर्ण दाखवायचे, आणि ज्यामुळे वाटते ते स्वतःजवळ ठेवायचे. सरळसरळ फोटोत हे दोन्ही एकत्र साधत नाही. क्षितिजरेषा म्हणतात तसे पाहणारे त्यात आपापले मन घेऊन शिरले असतीलही, पण त्या काळात मला तेवढाच सहवास झेपणारा होता. याला मी उपचार म्हणणार नाही. दुःखाला ज्यांची गरज लागते ती माणसे आणि ती मदत वेगळी असते. पण रोज थोडा वेळ फोकसची कडी मिलिमीटरभर इकडे-तिकडे फिरवण्यात लक्ष गुंतून राही, आणि त्या एकाग्रतेत दुःख नाकारले जात नसे.

प्रतिसाद: क्षितिजरेषा

निळीशाई, आपण हे लिहिलेत याबद्दल आभार. कारण राखून ठेवून भावना दाखवणे, या अर्थाने ‘व्यक्त करणे’ हा शब्दप्रयोग मला आता मान्य करता येतो. कवडसा यांचा ठेवणीचा मुद्दाही पटला, मात्र एक अट घालावीशी वाटते. सुटा एकच फोटो पाहून ती ठेवण ओळखता येईल याची मला अजून खात्री नाही. मायनर व्हाइट आपले फोटो मालिकेत, ठरावीक क्रमाने मांडत असत, ते मला त्यामुळेच योग्य वाटते. खिडकीवरच्या बर्फाच्या नक्षीच्या एका फोटोपुढे मी नुसती ‘सुंदर’ म्हणून थांबेन. त्याच्या आधी आणि नंतर काय येते हे पाहिल्यावर मात्र ती नक्षी गोठणे आहे की उमलणे आहे, हे ठरू लागते. आता शीर्षकाविषयी कवडसा यांनी स्वतःचे मत सांगावे. निळीशाई यांच्या धुळीच्या फोटोंना काय नाव देता येईल?

प्रतिसाद: कवडसा

मालिकेविषयी पूर्ण सहमत आहे. पडद्याचा फोटोही मी एकटा ठेवत नाही. त्याच्या शेजारी बेसिनच्या काठावर सुकलेल्या पाण्याच्या कड्यांचा एक फोटो आहे, आणि ती दोन करडी चित्रे शेजारी आली की वेळ थिजल्याची जाणीव ठळक होते.

शीर्षकाविषयी माझे मत असे की भावनेचे नाव शीर्षकात कधीही देऊ नये. ‘वेदना’ किंवा ‘एकांत’ असे खाली लिहिले की पाहणारा चित्रात तेवढेच शोधतो, ते सापडले की पुढे निघून जातो, आणि सापडले नाही तर स्वतःला दोष देतो. सिस्किंड यांची पद्धत मला अनुकरणीय वाटते. ते बहुधा ठिकाण, वर्ष आणि कधी एखादा क्रमांक इतकेच देत. त्यातून पाहणाऱ्याला एवढे कळते की ही गोष्ट खरोखर कुठेतरी होती, कोणीतरी तिच्यासमोर उभे राहिले होते, आणि पुढचे त्याच्यावर सोपवलेले असते. छायाचित्राला हे सांगण्याचा अधिकार आहे, कारण मी सुरुवातीला म्हटले तसे भिंगासमोर काहीतरी असावेच लागते. निळीशाई यांच्या फोटोंचे नाव अर्थातच त्यांनीच ठरवावे.

प्रतिसाद: निळीशाई

माझ्याकडे ते फोटो महिन्याच्या नावाने ठेवलेले आहेत. शीर्षक म्हणूनही तेच राहू देईन. क्रम मात्र क्षितिजरेषा यांच्या प्रतिसादानंतर पुन्हा लावायला घेतला आहे: बोटाची रेघ असलेला फोटो आतापर्यंत पहिला होता, तो आता मध्ये कुठेतरी जाईल, म्हणजे पाहणाऱ्याची नजर धुळीला सरावल्यावर ती रेघ त्याला दिसेल.